जपानी युद्धकलांमधली नीती : भिंतीवरची आणि सरावातली

हिरडा (धागाकर्ता)

जपानी युद्धकलांचा विषय निघाला की आपल्याकडे दोन ठरावीक सूर लागतात. एकात सामुराई, त्यांची मरणाविषयीची बेफिकिरी आणि शतकानुशतकांची अखंड परंपरा असते. दुसऱ्यात 'मुलांना शिस्त लागते' एवढे एकच वाक्य असते आणि ते बहुधा क्लासच्या जाहिरातफलकावरून उचललेले असते. ज्युदो, केंदो (बांबूच्या तलवारीची लढत), कराटे यांच्यामागचे म्हणून जे नैतिक ध्येय आज सांगितले जाते, ते बव्हंशी मेइजी काळात (१८६८–१९१२) आणि त्यानंतर शिक्षकी पेशातल्या माणसांनी समजून-उमजून घडवलेले आहे, ही गोष्ट या दोन्ही सुरांत हरवून जाते. घडवलेले आहे म्हणून ते खोटे, असे मला मुळीच म्हणायचे नाही. घडवलेले असल्यामुळेच ते कशाच्या आधारावर उभे आहे हे तपासता येते, आणि माझ्या मते तो आधार भिंतीवरच्या सुवचनांपेक्षा रोजच्या सरावाच्या बांधणीत जास्त आहे.

ज्युदोचेच उदाहरण घेतो, कारण त्यातले थोडेफार मी अंगावर घेतलेले आहे. जिगोरो कानो (१८६०–१९३८) हे पेशाने शिक्षक. तोक्योच्या उच्च अध्यापक विद्यालयाचे ते प्रदीर्घ काळ प्राचार्य होते आणि १९०९ साली आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीवर गेलेले पहिले आशियाई सदस्यही तेच. शरीरयष्टी किरकोळ, त्यामुळे विद्यार्थिदशेत दांडगटांचा त्रास सोसलेला. त्यातून ते जुजुत्सू या जुन्या निःशस्त्र झुंजीच्या कलेकडे वळले आणि तेन्जिन शिन्यो व कितो या दोन घराण्यांची विद्या शिकले. १८८२ साली तोक्योतल्या एइशोजी या बौद्ध मंदिरात बारा तातामींच्या (गवती चटयांच्या), म्हणजे सुमारे २० चौरस मीटरच्या जागेत, नऊ शिष्यांना घेऊन त्यांनी कोदोकान ही ज्युदोची शाळा सुरू केली. सरावाच्या हादऱ्यांनी मंदिरातल्या पूर्वजांच्या स्मृतिपाट्या आडव्या होत आणि कानो रात्री कंदील घेऊन जमिनीच्या फळ्यांखाली शिरून मोडके आधार दुरुस्त करत, असे सांगतात. संस्थापकाचे हे चित्र मला कुठल्याही तलवारधारी चित्रापेक्षा जास्त पटते.

१८८९ साली शिक्षणक्षेत्रातल्या मंडळींसमोर दिलेल्या व्याख्यानात त्यांनी ज्युदोची तीन अंगे मांडली : शरीरशिक्षण, लढतीचे कौशल्य आणि चारित्र्यसाधना. यातले तिसरे अंग बोलायला सर्वांत सोपे आणि सरावात उतरवायला सर्वांत अवघड. कानोंनी ठोसे, लाथा आणि बहुतेक घातक डाव आधीच ठरलेल्या क्रमाने करायच्या 'काता'मध्ये ठेवले, आणि मुक्त लढतीत, म्हणजे 'रान्दोरी'त, ज्या डावांवर पूर्ण ताकद लावूनही समोरचा माणूस दुसऱ्या दिवशी सरावाला येऊ शकेल तेवढेच डाव राहू दिले. या एका निर्णयाने समोरच्याचे स्थान बदलले. ज्याला हरवायचे, त्याच्याचवाचून आपले शिकणे अडते. तो मनापासून विरोध करणारा हवा, आणि उद्या परत येणाराही हवा.

नवख्याला सर्वांत आधी पडायला शिकवतात. हनुवटी छातीशी, नजर पट्ट्याच्या गाठीवर, हात तातामीवर सपाट आपटायचा आणि डोके कोणत्याही परिस्थितीत जमिनीला लागू द्यायचे नाही. फेकणाऱ्याला त्याच सुमारास दुसरी गोष्ट शिकवतात : जोडीदार हवेत असताना त्याची धरलेली बाही सोडायची नाही, आणि तो टेकण्याच्या क्षणी ती वर खेचून धरायची, म्हणजे त्याचा खांदा वर राहतो, डोके वाचते आणि तो कुशीवर पडतो. डाव पूर्ण जोमाने मारायचा आणि त्याच हालचालीत समोरच्याला सांभाळायचे, हे दुहेरी काम आधी हाताच्या स्नायूंना शिकवले जाते आणि डोक्याला मागाहून कळते. १९२२ साली कानोंनी 'सेइर्योकु झेन्यो' म्हणजे शक्तीचा सर्वोत्तम विनियोग आणि 'जिता क्योएइ' म्हणजे आपला आणि इतरांचा मिळून उत्कर्ष, अशी दोन सूत्रे जाहीर केली. त्यांतले दुसरे सूत्र कोदोकानची मंडळी तोवर चाळीस वर्षे त्या बाहीतूनच गिरवत आली होती.

नोकरीनिमित्त योकोहामाला होतो, तेव्हा पालिकेच्या क्रीडागृहात संध्याकाळी भरणाऱ्या वर्गाला मी जात असे. तिथे शाळकरी मुले होती, कार्यालयातून थेट आलेले लोक होते आणि सत्तरीचे एक काळापट्टाधारक गृहस्थ होते, जे नवख्या मुलांकडून स्वतःला पुन्हा पुन्हा फेकून घेत. सराव संपला की जागा सगळ्यांनी मिळून झाडायची, त्यात शिक्षकही आले. कडाक्याच्या थंडीतला पहाटेचा 'कान्गेइको' असो किंवा जानेवारीतल्या 'कागामी बिराकी'ची प्रात्यक्षिके आणि त्यानंतरचे मोची घातलेले लाल चवळीसारख्या अझुकीचे गोड सूप असो, पदकाशी संबंध नसलेल्या माणसाला तिथे टिकून राहण्याचे कारण मिळते. तिथल्या बहुसंख्य लोकांनी आयुष्यात एकही मोठी स्पर्धा खेळलेली नव्हती, आणि तरी वर्ग त्यांच्याच जोरावर चालत होता.

ज्यांनी या कला केल्या आहेत किंवा मुलांना पाठवले आहे, त्यांचा अनुभव काय आहे? विरोधी मतही अवश्य मांडावे.

पारावरचा_मुंजा

लेख आवडला, म्हणूनच विरोधी मत लिहितो. नीती सरावाच्या बांधणीत असते हे मान्य केले, तर ती बांधणी कोणाच्या हातात आहे हा प्रश्न आधी विचारायला हवा. १८९५ साली क्योतोमध्ये स्थापन झालेल्या दाइ निप्पोन बुतोकुकाइ या संस्थेकडेही चारित्र्य, शिष्टाचार, निष्ठा हेच शब्द होते. १९३१ साली मुलांच्या माध्यमिक शाळांत ज्युदो किंवा केंदो सक्तीचा झाला आणि १९४२ साली ही संस्था थेट सरकारी अंमलाखाली आली. तोच दोजो (सरावाची जागा), तेच वाकणे, तेच पहाटेचे सराव. आणि घडवायचा होता तो सम्राटासाठी मरायला तयार असलेला शिपाई. युद्धानंतर दोस्तांच्या प्रशासनाने १९४५ मध्ये शाळांमधून या कला बंद केल्या आणि पुढच्या वर्षी बुतोकुकाइ बरखास्त झाली, ते काही केवळ जेत्यांच्या आकसापोटी नव्हते.

ज्या सरावात कनिष्ठाने वरिष्ठाला प्रश्न विचारायचा नसतो, तो सराव जोडीदाराची काळजी घ्यायला शिकवतो तसाच निमूटपणे आज्ञा पाळायलाही शिकवतो. आपण बाहीविषयी फार सुरेख लिहिले आहे, परंतु त्या दोजोत सेनपाइ (वरिष्ठ) आणि कोहाइ (कनिष्ठ) यांचे नातेही असते, आणि त्याचा उल्लेख आपण केलेला नाही.

उंबरठा

मुंजा यांच्या प्रतिसादाला जोड म्हणून एक उदाहरण देतो, कारण नेमका हाच प्रश्न युद्धानंतर जपानमध्येही विचारला गेला होता. शोरिन्जी केम्पो ही कला १९४७ साली, म्हणजे बंदीच्या काळातच, कागावा प्रांतातल्या तादोत्सु या गावी दोशिन सो यांनी सुरू केली. ते युद्धाच्या काळात मांचुरियात होते. पराभवानंतर सत्ता कोसळते तेव्हा माणसे एकमेकांशी कशी वागतात हे त्यांनी तिथे पाहिले, आणि सगळे अखेर माणसाच्या गुणवत्तेवर ठरते या निष्कर्षाला ते आले. 'अर्धे आपल्या सुखासाठी, अर्धे इतरांच्या सुखासाठी' हे त्यांच्या संघटनेचे सूत्र आहे. प्रेमाविना बळ म्हणजे हिंसा आणि बळाविना प्रेम म्हणजे दुबळेपणा, अशी शिकवण त्याच्या जोडीला येते.

सूत्रांवर माझाही फार विश्वास नाही. मात्र तिथला सराव मुळातच जोडीने करायचा असतो, एकाने हल्ला आणि दुसऱ्याने बचाव अशा भूमिका आलटून-पालटून घ्यायच्या असतात, आणि त्यांच्या मेळाव्यांत जोडीने सादर केलेल्या 'एम्बु'ला, म्हणजे प्रात्यक्षिकाला, मोठे महत्त्व असते. त्यात दोघांना मिळून गुण मिळतात. एकटा कितीही तरबेज असला, तरी जोडीदार मागे पडला की गुण दोघांचेही जातात.

नागोयाकर

मी इथे बारा-पंधरा वर्षे आहे आणि दोन्ही मुले इथल्या सरकारी शाळेत शिकली, म्हणून एक कटू बाजू नोंदवणे भाग आहे. १९८३ पासूनच्या सुमारे तीन दशकांत जपानी शाळांमध्ये ज्युदो करताना शंभराहून अधिक विद्यार्थी दगावले. नागोया विद्यापीठातले समाजशास्त्रज्ञ र्‍यो उचिदा यांनी शालेय अपघातांच्या नोंदी एकत्र करून हे समोर आणले, तोपर्यंत प्रत्येक मृत्यू हा त्या-त्या शाळेचा सुटा अपघात समजला जात होता. दगावलेल्यांत मोठा भाग शाळेच्या क्लबात नुकत्याच दाखल झालेल्या पहिल्या वर्षाच्या मुलांचा होता. मागे पाडणारा 'ओसोतोगारी'सारखा डाव, नीट पडता न येणारे मूल, डोक्याला मार आणि मेंदूवरच्या आवरणाखाली रक्तस्राव, हा क्रम पुन्हा पुन्हा दिसतो.

२०१२ च्या एप्रिलपासून कनिष्ठ माध्यमिक शाळांत युद्धकला सक्तीच्या झाल्या तेव्हा या आकड्यांवरून देशभर वादळ उठले. वर्षाला जेमतेम दहा-बारा तासिका, त्यात अनेक ठिकाणी शिक्षकाला स्वतःलाच ज्युदोचा तुटपुंजा अनुभव, आणि उद्दिष्ट काय, तर परंपरा आणि शिष्टाचार यांची ओळख. ओरड झाल्यावर जपानच्या ज्युदो महासंघाने डोक्याच्या दुखापतींविषयी सूचना काढल्या, प्रशिक्षकांसाठी पात्रतेची पद्धत आणली, आणि त्यानंतर लगेचची काही वर्षे मृत्यू थांबले. याचा अर्थ ते आधीही थांबवता आले असते.

तुलनेसाठी फ्रान्स पाहा. तिथे ज्युदोचे नोंदणीकृत खेळाडू पाच लाखांहून अधिक, म्हणजे जपानपेक्षा कितीतरी जास्त. परंतु तिथे १९५५ च्या कायद्यापासून ज्युदो शिकवायला सरकारी पदविका लागते, आणि मुलांच्या मृत्यूंची अशी मालिका तिथे झालेली नाही. जन्मभूमीत जिता क्योएइ भिंतीवर राहिले आणि परक्या देशात ते परवान्याच्या अटीत गेले, असे मी म्हटले तर हिरडा यांनी रागावू नये.

हिरडा (धागाकर्ता)

रागावण्याचे काहीच कारण नाही. नागोयाकर, तुम्ही दिलेले दाखले माझ्या म्हणण्याच्या विरोधात जातात असे मला वाटत नाही. दगावलेली मुले पडायला शिकण्यापूर्वीच पूर्ण ताकदीच्या रान्दोरीत उतरवली गेली. म्हणजे कानोंनी जो क्रम आखला होता तोच मोडला गेला, आणि तो मोडणारे लोक नमस्कार मात्र नेमाने करत होते.

मुंजा यांचा आक्षेप अधिक खोल आहे. वरिष्ठ-कनिष्ठ नात्याला दोन तोंडे असतात. माझ्या वर्गातले सत्तरीचे गृहस्थ मुलांकडून फेकून घेत होते, ते ज्येष्ठ असल्यामुळेच. आणि २०१३ च्या जानेवारीत राष्ट्रीय महिला संघाच्या पंधरा ज्युदोपटूंनी मुख्य प्रशिक्षकांकडून होणाऱ्या मारहाणीची व अपमानाची तक्रार केल्याचे उघड झाले, ती मारहाणही ज्येष्ठतेच्याच नावाखाली चालली होती. त्या खेळाडूंनी आधी महासंघाकडे दाद मागितली होती. तिथे काही हलले नाही म्हणून त्या जपानच्या ऑलिंपिक समितीकडे गेल्या. प्रशिक्षकांना पायउतार व्हावे लागले आणि त्याच वर्षी, इतर काही गैरप्रकारांचीही भर पडल्यावर, महासंघाचे अध्यक्षही गेले. माझ्या दृष्टीने अलीकडच्या काळात ज्युदोच्या नीतीचे सर्वांत मोठे काम त्या पंधरा जणींनी केले.

२०२२ च्या मार्चमध्ये महासंघाने प्राथमिक शाळकरी मुलांची राष्ट्रीय वैयक्तिक स्पर्धा बंद केली, हीही गोष्ट इथे नोंदवण्याजोगी आहे. मुलांना वजन घटवायला लावणारे पालक, पंचांवर ओरडणारे प्रशिक्षक आणि काहीही करून जिंकायचे ही वृत्ती ही कारणे त्यांनी जाहीरपणे दिली. ज्या देशात पदकांचा एवढा मान आहे, तिथल्या महासंघाने स्वतःची स्पर्धा स्वतः बंद करावी, हे सोपे नाही.

दशमी

मी जर्मनीत राहते आणि इथल्या विद्यापीठाच्या गटात केंदो करते. बांधणीचा मुद्दा केंदोत फार ठळक दिसतो. लढतीत तीन पंच असतात, प्रत्येकाच्या हातात एक लाल आणि एक पांढरा झेंडा. शिनाइचा, म्हणजे बांबूच्या तलवारीचा, फटका नेमक्या जागी बसला एवढ्याने गुण मिळत नाही. आवाज, पावलाचा ठोका आणि फटका एकत्र यावे लागतात आणि फटक्यानंतरही प्रतिस्पर्ध्यावरचे लक्ष ढळता कामा नये. या सावधपणाला 'झान्शिन' म्हणतात. झेंडे वर गेल्यावर खेळाडूने मूठ उंचावून आनंद दाखवला, तर पंच एकत्र येऊन दिलेला गुण काढून घेऊ शकतात. इथे पहिल्यांदा आलेल्या फुटबॉलवेड्या जर्मन मुलांना हे समजावून सांगताना पुरेवाट होते.

अखिल जपान केंदो महासंघाने १९७५ साली केंदोचे ध्येय लेखी स्वरूपात ठरवले : तलवारीच्या तत्त्वांच्या सरावातून माणूस घडवणे. हे वाक्य मोघम आहे, ही तक्रार मला मान्य आहे. मात्र गुण काढून घेण्याचा नियम मुळीच मोघम नाही.

ऑलिंपिकमध्ये जाण्याविषयी केंदोवाले नाखूश असतात, त्यामागेही हेच आहे. प्रेक्षकांना कळावे म्हणून नियम सोपे केले की झान्शिन पहिल्यांदा जाईल, अशी भीती त्यांना वाटते. ज्युदोचे उदाहरण त्यांच्यासमोर आहे. अर्थात ऑलिंपिकनेच ज्युदोला एक फार मोठा क्षणही दिला, हे विसरता येत नाही. १९६४ च्या तोक्यो ऑलिंपिकमध्ये बुदोकानच्या मॅटवर खुल्या गटाच्या अंतिम लढतीत नेदरलँड्सच्या आन्तोन खेसिंकने जपानच्या अकिओ कामिनागाला दाबून धरून हरवले, तेव्हा त्याचे देशबांधव जल्लोष करत मॅटकडे धावले आणि खेसिंकने हात वर करून त्यांना तिथेच थांबवले. आधी नमस्कार व्हायचा होता. ज्या जपानी प्रेक्षकांच्या काळजाचे पाणी झाले होते, त्यांच्या लक्षात पराभवाइतकाच तो हातही राहिला.

अवांतर : समूहभावनेच्या गप्पांत स्त्रियांचे काय झाले हेही लिहायला हवे. कोदोकानचा महिला विभाग १९२६ चा. केइको फुकुदा (१९१३–२०१३) या कानोंच्या पहिल्या जुजुत्सू गुरूंची नात आणि खुद्द कानोंची शिष्या. त्यांना पाचव्या दानवर (काळ्या पट्ट्यातल्या श्रेणीवर) वर्षानुवर्षे रोखून धरले गेले, कारण स्त्रियांना त्यापुढे जाण्याची वाटच नव्हती. सहावा दान मिळाला तो १९७२ साली.

केळीचे_पान

माझा प्रश्न फार साधा आहे. माझी मुलगी आमच्या भागातल्या एका कराटे क्लासला जाते. नाव लिहीत नाही. दर तीन-चार महिन्यांनी पट्ट्याची परीक्षा असते, तिची फी वेगळी, प्रमाणपत्राचे पैसे वेगळे, आणि नापास झालेले मूल मी अजून पाहिलेले नाही. वर्ग संपताना मुले ओळीत बसून पाच नियम जपानीत ओरडून म्हणतात. त्यांचा अर्थ मुलीला विचारला तर ती खांदे उडवते. वर जे काही लिहिले गेले आहे त्याचा या क्लासशी काही संबंध आहे का, की आमच्या वाट्याला फक्त पट्टा आला आहे?

सह्याद्रीवासी

पट्ट्यांविषयी थोडे सांगतो. काळा पट्टा कानोंनी १८८० च्या दशकात आणला. ओकिनावाहून आलेले शिक्षक गिचिन फुनाकोशी यांनी १९२४ मध्ये तो कराटेत उचलला. पिवळा-नारिंगी-हिरवा हा जो रंगांचा जिना आपण पाहतो, तो मुख्यतः युरोपात ज्युदो शिकवताना रुळला, कारण तिथल्या शिष्यांना मधले टप्पे दिसले की उत्साह टिकत असे. तेव्हा पट्ट्यांना प्राचीन पवित्र वस्तू समजण्याचे कारण नाही, आणि त्यांच्यावर रागावण्याचेही नाही. ते शिक्षकाचे साधन आहे, फीचे साधन झाले की बिघडते.

कोल्हापूरच्या तालमीत वाढलेल्या माणसाला हिरडा यांचे वर्णन ओळखीचे वाटेल. लाल माती सगळ्यांनी मिळून खणायची, वस्तादाने पोरांना अंगावर घ्यायचे, थोरल्या पैलवानाने धाकट्याला जोर देऊन तयार करायचे, हे सगळे तिथेही आहे. आणि तालीम ही पेठेची असते, एकट्या वस्तादाची नसते. फरक एवढाच, की आपल्याकडे कोणी कानो होऊन हे सारे शाळेच्या अभ्यासक्रमाच्या भाषेत मांडले नाही. अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने त्या दिशेने खूप काम केले, हे मात्र सांगितले पाहिजे. मंडळाचा चमू १९३६ साली आपले व्यायामप्रकार दाखवायला बर्लिनला गेला होता, आणि १९४० चे ऑलिंपिक तोक्योला मिळावे म्हणून खटपट करायला कानोही त्या वर्षी बर्लिनमध्येच होते.

पारावरचा_मुंजा

'पेठेची तालीम' हा मुद्दा मला महत्त्वाचा वाटतो. बुतोकुकाइचा सराव सरकारचा झाला, केळीचे_पान यांच्या मुलीचा क्लास मालकाचा आहे, आणि हिरडा यांचा योकोहामाचा वर्ग पालिकेच्या छपराखाली सदस्यांनीच चालवलेला होता. माझा आक्षेप मी पूर्णपणे मागे घेत नाही, परंतु झाडू कोणाच्या हातात आहे यावरून बरेच काही कळते, इतके मान्य करतो.

नागोयाकर

केळीचे_पान, तुमच्या प्रश्नाला व्यवहारातले उत्तर देतो. एक पूर्ण तास बसून वर्ग पाहा. नव्या मुलांची जोडी कोणाशी लावतात ते पाहा : आपल्यासारख्याच नवख्यांशी, की ज्यांना ताकद आवरता येते अशा जुन्यांशी? एखाद्या मुलाला लागले तर वर्ग थांबतो की 'रडायचे नाही' म्हणून पुढे जातो? डोक्याला मार बसलेल्या मुलाला त्याच दिवशी पुन्हा उभे केले, तर दुसऱ्या दिवसापासून पाठवू नका. शिक्षकांना त्या पाच नियमांचा अर्थ मुलांदेखत विचारा. फुनाकोशींच्या वीस सूत्रांत 'कराटेत पहिला वार नसतो' असे एक सूत्र आहे. ते ऐकून शिक्षक शाळेतल्या भांडणांविषयी मुलांशी काय बोलतात, हेही विचारून घ्या.

केळीचे_पान

आभारी आहे. पालकांनी वर्गात बसू नये असा आमच्या क्लासचा नियम आहे, तेव्हा सुरुवात तिथूनच करावी लागेल असे दिसते. या रविवारी परवानगी मागते, आणि नाही म्हणाले तर काय कारण दिले ते इथे लिहिते.